निवडणारे एक, हटवणारे दुसरे : राजीनाम्यानंतरच्या नेतेनिवडीविषयी वाचकांचे प्रश्न

पक्षाचा नेता राजीनामा देऊन पायउतार झाला, तर त्याच्या जागी नवा नेता कोणी निवडावा आणि कसा निवडावा, या विषयावर या वेळी सर्वाधिक पत्रे आली आहेत. बहुतेक वाचकांनी ब्रिटनच्या हुजूर पक्षात २०२२ साली जे घडले त्याचा आधार घेतला आहे. त्या वर्षी बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक असे तीन पंतप्रधान एकाच पक्षातून, मध्ये सार्वत्रिक निवडणूक न होता, एकामागून एक त्या पदावर होते. काहींनी आपल्याकडच्या पक्षांविषयी विचारले आहे. विषय एकच असल्याने या अंकातील सर्व जागा त्यालाच दिली आहे.

प्रश्न : लिझ ट्रस यांना पक्षाच्या हजारो सभासदांनी मतदान करून निवडले होते. मग दीड महिन्यात त्यांना घालवले कोणी? सभासदांनी तर पुन्हा मतदान केलेच नव्हते.
– एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. ट्रस यांना निवडले सभासदांनी आणि घालवले खासदारांनी. हुजूर पक्षाच्या नियमांत निवडणारे आणि हटवणारे हे दोन वेगळे समूह आहेत आणि माझ्या मते त्या वर्षीच्या गोंधळाचे मूळ तेथेच होते.

क्रम असा होता. ५ जुलै २०२२ रोजी अर्थमंत्री ऋषी सुनक आणि आरोग्यमंत्री साजिद जाविद यांनी राजीनामे दिले. पुढच्या दोन दिवसांत मंत्री व इतर सरकारी पदे सांभाळणारे मिळून पन्नासहून अधिक जण बाहेर पडले आणि ७ जुलैला जॉन्सन यांनी पक्षाचे नेतेपद सोडत असल्याचे जाहीर केले. नियमाप्रमाणे प्रथम खासदारांमध्ये मतदानाच्या फेऱ्या झाल्या. १३ जुलैच्या पहिल्या फेरीत आठ उमेदवार होते. तीत सुनक यांना ८८, पेनी मॉर्डंट यांना ६७ आणि ट्रस यांना ५० मते मिळाली. प्रत्येक फेरीत तळाचे उमेदवार गळत गेले. २० जुलैच्या शेवटच्या फेरीत सुनक १३७, ट्रस ११३ आणि मॉर्डंट १०५ असा निकाल लागला. पहिल्या दोघांची नावे सभासदांपुढे गेली. १,७२,४३७ सभासदांना मताधिकार होता, ८२.६ टक्के मतदान झाले आणि ५ सप्टेंबरला ट्रस ८१,३२६ विरुद्ध ६०,३९९ मतांनी विजयी झाल्याचे घोषित झाले.

आता हेच आकडे उलट्या बाजूने पाहावेत. पक्षाच्या सुमारे साडेतीनशे खासदारांपैकी फक्त ५० जणांची पहिली पसंती ट्रस यांना होती आणि शेवटच्या फेरीतही त्यांच्या मागे एक तृतीयांशाहून कमी खासदार उभे राहिले. संसदीय पद्धतीत पंतप्रधानाला रोज सभागृहात बसून ज्यांच्या बळावर विधेयके संमत करून घ्यावी लागतात, त्या सहकाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोकांना दुसरेच कोणीतरी हवे होते. अशा नेत्याची पुंजी पहिल्या दिवसापासूनच तुटपुंजी असते.

२३ सप्टेंबरला अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. त्यांची भरपाई कोठून होणार, याचा हिशेब त्या घोषणेत नव्हता. पौंड कोसळला, सरकारी कर्जरोख्यांचे भाव गडगडले आणि पाचच दिवसांनी बँक ऑफ इंग्लंडला कर्जरोखे विकत घेण्यासाठी बाजारात उतरावे लागले. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना दूर करण्यात आले. नवे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी १७ ऑक्टोबरला त्या करकपातींपैकी बहुतेक सर्व मागे घेतल्या. २० ऑक्टोबरला हुजूर खासदारांच्या ‘१९२२ समिती’चे अध्यक्ष सर ग्रॅहम ब्रॅडी पंतप्रधानांच्या निवासस्थानी जाऊन ट्रस यांना भेटले आणि त्याच दुपारी ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

धोरण चुकले म्हणून त्या गेल्या, असे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. परंतु चुकलेले धोरण मागे घेऊन टिकून राहिलेले पंतप्रधान ब्रिटनने अनेक पाहिले आहेत. त्यांना टिकता आले ते पाठीशी खासदार होते म्हणून. ट्रस यांच्यापाशी ती शिल्लक नव्हती. दहा, डाउनिंग स्ट्रीटच्या दारासमोर उभ्या राहून त्यांनी जे निवेदन केले, ते जेमतेम दीड मिनिटाचे होते. पक्षाने ज्या कामासाठी आपल्याला निवडले ते आता आपल्या हातून पार पडणार नाही, अशा आशयाचे एक वाक्य त्यात होते. निवडणारा पक्ष एक आणि आधार काढून घेणारा पक्ष दुसरा, ही गोष्ट त्या वाक्यात उघडपणे मान्य झाली होती, असे मला वाटते.

प्रश्न : ‘१९२२ समिती’ हा उल्लेख वारंवार येतो. ही समिती कोणती आणि तिला एवढा अधिकार कोणी दिला?
– राज्यशास्त्राची विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : ही हुजूर पक्षाच्या, प्रामुख्याने मंत्रिपदावर नसलेल्या, म्हणजे मागच्या बाकांवरच्या खासदारांची संघटना आहे. १९२२च्या निवडणुकीत प्रथमच निवडून आलेल्या काही खासदारांनी १९२३ साली ती सुरू केली, म्हणून तिला हे नाव मिळाले. नेतेपदाच्या निवडणुकीतील खासदारांच्या फेऱ्या ही समिती घेते. नेत्यावर अविश्वास दाखवण्याची वाटही तिच्याच अध्यक्षांच्या कार्यालयातून जाते.

ही वाट मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. नेत्यावर विश्वास उरला नाही असे ज्या खासदाराला वाटते, तो अध्यक्षांना तसे पत्र देतो. किती पत्रे आली आणि कोणाची आली, हे अध्यक्षांखेरीज कोणालाही कळत नाही. विचार बदलला तर पत्र परत घेता येते. २०२४पर्यंत पक्षाच्या १५ टक्के खासदारांची पत्रे जमली की अध्यक्षांना मतदान घ्यावेच लागत असे. २०२२ साली १५ टक्के म्हणजे ५४ पत्रे होती आणि ती जमल्यामुळेच ६ जूनला जॉन्सन यांच्यावर मतदान झाले. संसद भवनातील समितीच्या खोलीत जाताना खासदारांना आपला भ्रमणध्वनी बाहेर ठेवावा लागत होता, कारण भरलेल्या मतपत्रिकेचे छायाचित्र काढून आपण कोणाबरोबर आहोत याचा पुरावा नेत्याच्या माणसांना देण्याची सोय कोणालाही राहू नये, अशी व्यवस्था होती. गुप्त मतदान कागदावर लिहिणे सोपे असते. ते खरोखर गुप्त राहावे म्हणून खोलीच्या दाराशी असा पहारा ठेवावा लागतो. जॉन्सन २११ विरुद्ध १४८ मतांनी तरले, पण महिनाभरातच गेले. २०२४च्या पराभवानंतर ही १५ टक्क्यांची अट वाढवून एक तृतीयांश करण्यात आली.

प्रश्न : सभासदांना मत देण्याची पद्धत पूर्वीपासूनच होती का?
– वाचक, सातारा

उत्तर : नाही. १९६५पर्यंत हुजूर पक्षात नेत्याची निवडणूकच होत नसे. ऑक्टोबर १९६३मध्ये हॅरल्ड मॅकमिलन यांनी आजारपणामुळे राजीनामा दिला, तेव्हा पक्षातील ज्येष्ठांनी आपापसांत चाचपणी करून लॉर्ड होम यांचे नाव राणीकडे कळवले. होम यांनी सरदारकी सोडली आणि स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक लढवून ते लोकसभेसारख्या खालच्या सभागृहात आले. ही पद्धत पक्षातल्याच अनेकांना खटकली. इयन मॅक्लिऑड आणि इनॉक पॉवेल या दोघांनी त्या मंत्रिमंडळात जाण्यास नकार दिला. १९६४ची निवडणूक हरल्यानंतर खासदारांनी मतदान करून नेता निवडावा असा नियम झाला आणि जुलै १९६५मध्ये एडवर्ड हीथ १५० विरुद्ध रेजिनाल्ड मॉडलिंग १३३ मतांनी निवडून आले. मार्गारेट थॅचर १९७५ साली आल्या त्या याच नियमाने आणि १९९०मध्ये गेल्या त्याही याच नियमाने. १९९०च्या पहिल्या फेरीत त्यांना प्रतिस्पर्धी मायकेल हेझेल्टाइन यांच्यापेक्षा ५२ मते जास्त होती, २०४ विरुद्ध १५२. तरीही नियमाने ठरवलेली आघाडी चार मतांनी हुकली आणि दुसऱ्या फेरीत उतरण्याऐवजी त्यांनी राजीनामा दिला. तेथे निवडणारे आणि हटवणारे एकच होते, त्यामुळे निकाल कितीही कठोर असला तरी तो कोणाचा आहे याबद्दल संभ्रम राहिला नाही.

१९९७च्या दारुण पराभवानंतर पक्षाचे नवे नेते विल्यम हेग यांनी १९९८मध्ये अंतिम मत सभासदांना दिले. पक्षाला सामान्य कार्यकर्त्यांशी जोडावे हा हेतू चांगला होता. परंतु पहिल्याच प्रयोगात धोक्याची सूचना मिळाली होती. २००१मध्ये इयन डंकन स्मिथ यांना खासदारांच्या शेवटच्या फेरीत १६६पैकी ५४ मते होती, सभासदांनी मात्र त्यांना ६१ टक्के मते दिली. दोनच वर्षांत, २००३मध्ये, खासदारांनी त्यांना ९० विरुद्ध ७५ मतांनी दूर केले. २००५मध्ये कॅमरन यांना खासदारांत १९८पैकी ९० आणि २०१९मध्ये जॉन्सन यांना निम्म्याहून अधिक मते होती. ते दोघे सार्वत्रिक निवडणुका जिंकू शकले. दोन-चार उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते, तरी डंकन स्मिथ आणि ट्रस यांच्या कहाण्यांतील साम्याकडे डोळेझाक करणे कठीण आहे.

मजूर पक्षाचा अनुभवही वेगळा नाही. जून २०१६मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्याविरुद्ध त्यांच्याच खासदारांनी १७२ विरुद्ध ४० मतांनी अविश्वास नोंदवला. कॉर्बिन यांनी राजीनामा दिला नाही. सप्टेंबरमध्ये सभासदांनी त्यांना ६१.८ टक्के मतांनी पुन्हा निवडले. मग ज्याच्यावर आपला विश्वास नाही असे जाहीरपणे सांगून झाले होते त्याच नेत्यामागे तीन वर्षे बसण्याची वेळ त्या खासदारांवर आली.

प्रश्न : पंतप्रधान बदलला तर सार्वत्रिक निवडणूक व्हायला नको का? पावणेदोन लाख लोकांनी सर्व देशाचा पंतप्रधान ठरवावा, हे मला पटत नाही.
– वकील, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कायद्याने निवडणूक आवश्यक नाही. ब्रिटिश मतदार आपल्या मतदारसंघाचा खासदार निवडतो, पंतप्रधान निवडत नाही. ज्याच्या मागे सभागृहाचे बहुमत आहे त्याला राजा वा राणी पाचारण करते. आपल्याकडेही तसेच आहे. जानेवारी १९६६मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या निधनानंतर काँग्रेसच्या संसदीय पक्षात इंदिरा गांधी आणि मोरारजी देसाई यांच्यात मतदान झाले, ३५५ विरुद्ध १६९ असा निकाल लागला आणि इंदिरा गांधी पंतप्रधान ठरल्या. तेव्हाही देशाने पुन्हा मतदान केले नव्हते. मात्र ते ५२४ मतदार स्वतः लोकांनी, थेट अथवा विधानसभांमार्फत, निवडून दिलेले होते.

आपली अस्वस्थता मला तेथेच योग्य वाटते. २०२२ साली वर्षाला २५ पौंड वर्गणी भरणारा आणि मतदानापूर्वी तीन महिने सभासद असलेला माणूस कोणालाच उत्तरदायी नव्हता. २०१९च्या निवडणुकीत ब्रिटनमध्ये सुमारे पावणेपाच कोटी नोंदणीकृत मतदार होते. त्यांच्या तुलनेत ट्रस यांच्या निवडीत मताधिकार असलेले सभासद दर हजारी चारसुद्धा भरत नाहीत. पक्ष विरोधात असताना सभासदांनी नेता निवडावा, याला माझा विरोध नाही. त्या नेत्याला पुढे जनतेसमोर जायचेच असते. पक्ष सत्तेवर असताना मात्र सभासद थेट देशाचा कारभारी नेमतात आणि हा भेद नियम करणाऱ्यांनी पुरेसा लक्षात घेतला नव्हता.

या पद्धतीला वेळही फार लागतो. ७ जुलै ते ६ सप्टेंबर असे दोन महिने जॉन्सन काळजीवाहू म्हणून राहिले. त्याच काळात, २६ ऑगस्टला, सामान्य घराच्या वार्षिक वीज-वायू बिलाची मर्यादा १,९७१ पौंडांवरून ३,५४९ पौंडांवर जाणार असल्याचे नियामकाने जाहीर केले. लोक हवालदिल झाले होते आणि मोठे निर्णय नव्या पंतप्रधानांवर सोडले आहेत, एवढेच उत्तर सरकारपाशी होते. मतपत्रिका पाठवण्यासही उशीर झाला, कारण एकदा दिलेले मत नंतर बदलता येईल अशी जी सोय आखली होती, ती सायबर सुरक्षेच्या सल्ल्यावरून रद्द करावी लागली.

प्रश्न : ऋषी सुनक यांना तर कोणीच निवडले नाही. तरी आपण सगळ्यांनी दिवाळीत फटाके वाजवले!
– वाचक, ठाणे

उत्तर : सभासदांनी निवडले नाही, हे खरे, खासदारांनी निश्चितपणे निवडले. ट्रस गेल्यानंतर पुन्हा दोन महिने घालवणे परवडणारे नव्हते. म्हणून उमेदवारीसाठी किमान १०० खासदारांचा पाठिंबा हवा, अशी अट घालण्यात आली. पक्षाचे ३५७ खासदार पाहता तिघांहून अधिक उमेदवार होणेच शक्य नव्हते. जॉन्सन यांनी २३ ऑक्टोबरच्या रात्री माघार घेतली, दुसऱ्या दिवशी दुपारी मॉर्डंट यांनीही घेतली आणि सुनक बिनविरोध ठरले. तो दिवस २४ ऑक्टोबर, आपल्याकडे लक्ष्मीपूजनाचा होता. सुधा व नारायण मूर्ती यांचे जावई म्हणून आपल्याला त्यांचे कौतुक वाटले, ते स्वाभाविक होते. पण ज्या गोष्टीचे अधिक कौतुक व्हायला हवे होते ती अशी की, सात आठवड्यांपूर्वी हरलेला उमेदवार त्याच पक्षात राहिला, मागच्या बाकावर बसला आणि वेळ येताच त्याच सहकाऱ्यांनी त्याला बोलावून घेतले. पक्षांतर्गत निवडणूक हरणे म्हणजे पक्षातून हद्दपार होणे नव्हे, एवढी समज त्या व्यवस्थेत शिल्लक होती. २०२४ साली सुनक यांच्या नेतृत्वाखाली पक्षाला अवघ्या १२१ जागा मिळाल्या, ही गोष्ट वेगळी.

प्रश्न : खासदार आणि सभासद या दोघांनाही सांभाळणारा मधला मार्ग कोठे आहे का?
– वाचक, डोंबिवली

उत्तर : जपानच्या सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचा नियम पाहण्याजोगा आहे. पहिल्या फेरीत खासदारांची जितकी मते तितकीच सभासदांची धरतात; सप्टेंबर २०२४मध्ये दोन्हींची प्रत्येकी ३६८ होती. कोणालाच बहुमत मिळाले नाही तर दुसऱ्या फेरीत खासदारांची मते तशीच राहतात आणि सभासदांच्या वाट्याला ४७ प्रांतांचे प्रत्येकी एक मत येते. त्या वर्षी साने ताकाइची पहिल्या फेरीत पुढे होत्या, पण दुसऱ्या फेरीत शिगेरू इशिबा २१५ विरुद्ध १९४ मतांनी जिंकले. म्हणजे अखेरचा शब्द खासदारांचा. तरीही इशिबा यांना वर्षभरातच, निवडणुकीतील पराभवांमुळे, राजीनामा जाहीर करावा लागला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ताकाइची नेत्या झाल्या. नियम चांगला असला तरी मतदारांच्या नाराजीपासून तो कोणाला वाचवत नाही आणि वाचवूही नये.

प्रश्न : हे सर्व ब्रिटन-जपानचे झाले. आपल्या पक्षांत अध्यक्षाने राजीनामा दिला की काय होते, हे आम्ही पाहतोच. आपल्याकडे अशी परंपरा कधी होती का?
– सहकारी संस्थेतील निवृत्त सचिव, कोल्हापूर

उत्तर : होती, आणि ती विसरली गेली याचे मला मनापासून वाईट वाटते. जानेवारी १९३९मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी प्रांतोप्रांतीच्या प्रतिनिधींनी मतदान केले आणि सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्या यांचा १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी पराभव केला. पट्टाभींचा पराभव हा आपलाच पराभव आहे, असे गांधीजींनी म्हटले. कार्यसमितीच्या बहुतेक सभासदांनी राजीनामे दिले. मार्चमधील त्रिपुरी अधिवेशनात, गांधीजींच्या इच्छेप्रमाणे कार्यसमिती नेमावी, असा ठराव संमत झाला आणि २९ एप्रिलला कलकत्त्यात सुभाषबाबूंनी अध्यक्षपद सोडले. प्रतिनिधींनी निवडले, पण ज्यांच्यासह काम करायचे ते सोबत आले नाहीत. मिरजेच्या वाचकांना दिलेल्या उत्तरातील पेच आपल्याकडे त्याआधी त्र्याऐंशी वर्षे घडून गेला होता.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिकशी जोडलेले आहे. १९५०च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत पुरुषोत्तमदास टंडन यांना १,३०६, आचार्य कृपलानी यांना १,०९२ आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांना २०२ मते मिळाली. त्या सप्टेंबरात नाशिकला भरलेल्या अधिवेशनाचे अध्यक्ष टंडनच होते. पंतप्रधान नेहरूंचा त्यांच्या निवडीला विरोध होता. वर्षभर पक्ष एका दिशेला आणि सरकार दुसऱ्या दिशेला, असे चालले. ऑगस्ट १९५१मध्ये नेहरूंनी कार्यसमिती सोडली, टंडन यांनी राजीनामा दिला आणि सप्टेंबरात नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. पेच सुटला, पण पक्षाध्यक्ष आणि पंतप्रधान ही दोन स्वतंत्र पदे परस्परांवर वचक ठेवतील ही आशाही त्याबरोबर क्षीण झाली.

त्यानंतर मतदान दुर्मीळ झाले. १९९७मध्ये सीताराम केसरी यांना ६,२२४, शरद पवार यांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४ मते मिळाली. २०००मध्ये सोनिया गांधींविरुद्ध जितेंद्र प्रसाद यांना ९४ मते पडली. २०१९च्या पराभवानंतर राहुल गांधींनी राजीनामा दिला. जुलैत त्यांचे पत्र प्रसिद्ध झाले, ऑगस्टमध्ये सोनिया गांधी हंगामी अध्यक्ष झाल्या आणि ही हंगामी व्यवस्था तीन वर्षे चालली. ऑक्टोबर २०२२मध्ये मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ विरुद्ध शशी थरूर १,०७२ असे मतदान झाले. योगायोग असा की खर्गे यांच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी लंडनमध्ये ट्रस यांनी राजीनामा दिला. काँग्रेसच्या त्या निवडणुकीआधी मतदार प्रतिनिधींची यादी सर्वांसाठी प्रसिद्ध करावी, अशी मागणी थरूर, मनीष तिवारी आदींनी केली होती. यादी प्रदेश कार्यालयांत पाहता येईल, असे निवडणूक प्राधिकरणाचे प्रमुख मधुसूदन मिस्त्री यांनी सांगितले होते. मला हा वाद किरकोळ वाटत नाही. मतदार कोण हे ठाऊक नसेल तर उमेदवार प्रचार कोणापाशी करणार?

महाराष्ट्रातील अनुभव तर ताजा आहे. २ मे २०२३ रोजी मुंबईत यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानच्या सभागृहात शरद पवार यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचे अध्यक्षपद सोडत असल्याचे सांगितले, तेव्हा कार्यकर्ते अक्षरशः रडले. नवा अध्यक्ष सुचवण्यासाठी ज्येष्ठ नेत्यांची समिती त्यांनीच सुचवली. ५ मेला त्या समितीने राजीनामाच फेटाळला आणि पवारांनी तो मागे घेतला. कार्यकर्त्यांचे प्रेम खरे होते, याविषयी मला शंका नाही. परंतु त्या तीन दिवसांत सभासदांचे मतदान घ्यावे असा मुद्दा चर्चेच्या केंद्रस्थानी आलाच नाही. दोन महिन्यांत पक्ष फुटला. फेब्रुवारी २०२४मध्ये निवडणूक आयोगाने नाव व घड्याळ हे चिन्ह अजित पवार यांच्या गटाला दिले, ते विधिमंडळातील संख्याबळावर. त्याआधी वर्षभर, शिवसेनेच्या बाबतीतही आयोगाचा निर्णय शेवटी आमदार-खासदारांच्या संख्येवरच ठरला होता. दोन्ही पक्षांत वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा, पोस्टर लावणारा सभासद त्या मोजणीत कोठेच नव्हता. विश्वासार्ह सभासद-यादी आणि नियमित अंतर्गत निवडणुका असत्या, तर आयोगापुढे मोजण्यासाठी दुसरेही काही असते.

कायद्याचा आधार येथे तोकडा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते. केवळ अंतर्गत लोकशाही नाही म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार मात्र आयोगाला नाही. शिवाय १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्याने आमदार-खासदार पक्षादेशाला बांधलेले आहेत आणि पुढच्या वेळची उमेदवारी वरूनच ठरते. ब्रिटिश खासदाराची उमेदवारी मुख्यतः त्याच्या मतदारसंघातील पक्षशाखा ठरवते, म्हणून तो नेत्याविरुद्ध पत्र लिहिण्याचे धाडस करू शकतो.

प्रश्न : आमच्या तालुकाध्यक्षांनी राजीनामा दिला असून पुढील महिन्यात नव्या अध्यक्षाची निवड आहे. मी सात वर्षे सभासद आहे. बैठकीत मी काय विचारावे?
– तरुण कार्यकर्ता, अकोला जिल्हा

उत्तर : आपला प्रश्न वाचून मला माझ्या वार्ताहरकीच्या सुरुवातीच्या काळातील एका पक्षाची तालुका बैठक आठवली. पक्षाचे नाव सांगत नाही. मंगल कार्यालयात दीडशे-दोनशे माणसे सतरंजीवर बसली होती. जिल्ह्याहून आलेल्या निरीक्षकांनी पिशवीतून एक टंकलिखित कागद काढला. ‘अध्यक्षनिवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना देण्यात येत आहेत,’ हा एका ओळीचा ठराव त्यावर आधीच छापलेला होता; सूचक आणि अनुमोदक यांच्यासाठी दोन जागा कोऱ्या होत्या. हात वर झाले, चहा आला. मागे बसलेल्या एका वयस्कर सभासदाने मला हळूच विचारले, “आम्हाला बोलावलं होतं ते कशासाठी?” मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

आपण तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्या बैठकीच्या दिवशी न विचारता आधी, लेखी विचाराव्यात. मतदार सभासदांची यादी कोणत्या तारखेची धरणार आहात आणि ती कार्यालयात कधी लावणार? एकापेक्षा अधिक अर्ज आले तर मतदान गुप्त होणार का आणि मोजणीला उमेदवारांचे प्रतिनिधी बसू शकतील का? आणि निवडलेल्या अध्यक्षाला मुदतीआधी दूर करायचे झाले, तर तो अधिकार ज्यांनी त्याला निवडले त्यांनाच राहील, की जिल्ह्यावरून आलेल्या एका पत्राने तो जाईल? तिसरा प्रश्न बहुधा कोणी विचारत नाही, म्हणून तो अवश्य विचारा.

पक्षाच्या घटनेची प्रत मागून घ्या. नोंदणी झालेल्या पक्षाला ती निवडणूक आयोगाकडे द्यावीच लागते, त्यामुळे ती गोपनीय असूच शकत नाही. पत्राची पोच घ्यायला विसरू नका. एक ओळीचा ठराव पुढे आला, तर विरोधात हात वर करण्याचा आणि तो विरोध नावानिशी इतिवृत्तात नोंदवून घेण्याचा आपला हक्क आहे. आपण एकटेच असलात तरी इतिवृत्तात ‘एकमताने’ हा शब्द लिहू देऊ नका.